को ताओला रात्रीच्या बोटीने एकटीने जावं का? आजच उत्तर हवं आहे

निळीछत्री
नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि घाईत हवी आहे, तिकीट आज काढलं नाही तर महाग पडेल. पुण्याहून बँकॉक, मग बसने चुंफोन, तिथून बोटीने को ताओ बेटावर असं ठरलंय. चुंफोनहून रात्री सुटणारी बोट पहाटे पोचवते, म्हणजे एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात. पण फोटोत बघितलं तर एका मोठ्या दालनात गाद्या शेजारी शेजारी टाकल्यात. मध्ये पडदा नाही, फळी नाही. बाजूला कोण झोपेल ते आपल्या हातात नाही. एकट्या बाईने या बोटीने प्रवास केलाय का कोणी? घ्यावी की नको, एवढंच सांगा.
"एकटी कशाला जातेस" हे घरी पुरेसं ऐकून झालंय, ते इथे नको.

कर्वेरोड_४
महिना कोणता? तो कळल्याशिवाय बोटीबद्दल काय सांगणार? आणि बँकॉकला किती वाजता उतरताय?

डेक्कनक्वीन
बसने कशाला जाताय? थायलंडच्या रेल्वेचा स्लीपर घ्या, मी कायम हेच सुचवतो. काही रात्रगाड्यांना फक्त बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा डबा असतो. २०१४ मध्ये रात्रगाडीत एका १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, करणारा रेल्वेचाच कर्मचारी होता. देशभर संताप उसळला आणि त्यानंतर हे डबे सुरू झाले. संध्याकाळी कर्मचारी येऊन अंथरूण घालून देतो, प्रत्येक बर्थला पडदा असतो. गाडी क्रुंग थेप अफिवात या नव्या टर्मिनसवरून सुटते, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊ नका. आरक्षण करताना महिला डबा वेगळा निवडावा लागतो.

बाणेरची_टेकडी
डेक्कनक्वीन, डबा चांगला आहे, मीही त्यातून गेले आहे. पण या गाड्या चुंफोनला अर्ध्या रात्री पोचतात. अनोळखी गावात त्या वेळी बॅग घेऊन फलाटावर उतरायचं आणि सकाळच्या बोटीपर्यंत थांबायचं, याला मी सुरक्षित म्हणणार नाही.
निळीछत्री, ही रात्रीची बोट मी घेतली आहे, एकटीने. जागा दाखवणाऱ्या माणसाला सरळ म्हणाले की मला बायकांच्या शेजारी द्या. त्याने काही न विचारता दिली. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला एक जर्मन आजी, झोप छान लागली. दिवे पूर्ण बंद करत नाहीत, माणसं येत-जात असतात. अवघड गेलं ते उतरल्यावर. माए हाड धक्क्यावर अजून उजाडलेलं नव्हतं, रिसॉर्टचं ऑफिस बंद, आणि पिकअपवाले "चला चला" करत मागे. मी धक्क्याजवळच्या कॉफीच्या दुकानात उजाडेपर्यंत बसून राहिले. मी गेले तो मार्च होता, समुद्र अगदी शांत होता. तुम्ही महिना सांगा.

आजोळ
अगं, तुझ्या जेवणाचं काय? शाकाहारी असशील तर आधीच सांगून ठेवते, तिथे भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालतात, नाम प्ला म्हणतात त्याला. दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं असेल तिथे जा. त्यात मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. आमच्या चातुर्मासापेक्षा कडक. मेतकूट आणि दाण्याची चटणी घेऊन जा.

निळीछत्री
आजोळ, मी मासे खाते, पण धन्यवाद.
महिना नोव्हेंबर. भाऊबीज झाली की निघणार, दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा मिळाली आहे, ती हलणार नाही. बँकॉकला मध्यरात्रीनंतर उतरते. को ताओ डायव्हिंगसाठी, ओपन वॉटर कोर्सची आगाऊ रक्कम भरली आहे. आता बोटीचं सांगा.

मुळामुठा
नोव्हेंबर म्हणताय, तर प्रश्न शेजारी कोण झोपेल हा राहतच नाही. बोट सुटेल का, हा आहे.
आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. थायलंडच्या आखाताचं तसं नाही. तामिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबर जे ईशान्य मोसमी वारे पाऊस देतात, तेच वारे आखातावरून ओलावा घेऊन को सामुई, को फान्गान, को ताओ या बेटांवर आदळतात. नोव्हेंबर हा तिथला सर्वांत जास्त पावसाचा महिना. लाटा उंच असतात, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ असल्याने डायव्हिंगलाही नीट दिसत नाही. १९८९ च्या नोव्हेंबरात गे नावाचं चक्रीवादळ याच आखातातून येऊन चुंफोनला धडकलं. वाटेत सीक्रेस्ट हे तेलविहिरी खणणारं जहाज उलटलं आणि ९१ माणसं गेली. तेच वादळ पुढे बंगालच्या उपसागरात शिरून आंध्रात कावलीजवळ पोचलं. असं दरवर्षी होत नाही, पण त्या समुद्रात त्या महिन्यात रात्री छोट्या बोटीत बसू नये असं मला मनापासून वाटतं.
डायव्हिंगच करायचं तर पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला जा. क्राबी, को लांटा. तिकडचा पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात तिकडे हंगाम सुरू होतो.

निळीछत्री
पण को ताओचे पैसे भरलेत. शिवाय सगळे ब्लॉग म्हणतात को ताओ वर्षभर चालतं.

मुळामुठा
दुकानं वर्षभर उघडी असतात. समुद्र वर्षभर सारखा नसतो.

अनुभवी_प्रवासी
तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो, कारण मला मुलगी आहे. को ताओवर सप्टेंबर २०१४ मध्ये दोन तरुण ब्रिटिश पर्यटकांचा किनाऱ्यावर खून झाला होता, मुलीवर अत्याचारही झाला होता. म्यानमारच्या दोन कामगारांना फाशीची शिक्षा झाली, ती २०२० मध्ये जन्मठेपेवर आली. तपासाबद्दल आजही लोक शंका घेतात. अशा जागी मुलीने एकटं जाऊ नये. ग्रुप टूर घ्या, पुण्यातून भरपूर निघतात.

चाफा_पांढरा
काका, तुमची काळजी खरी आहे, पण त्या घटनेत मुलगी एकटी नव्हती, सोबतचा तरुणही मारला गेला. मग सोबत असली की सुरक्षित, हा धडा त्यातून कसा निघतो? आणि घरी राहून तरी काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या स्वारगेट बसस्थानकात, पहाटेच्या गर्दीत, उभ्या बसमध्ये एका मुलीवर अत्याचार झाल्याचं आपण सगळ्यांनी वाचलंय. तक्रारीनुसार त्या मुलीला "तुमची बस तिकडे लागली आहे" असं सांगून नेलं होतं.
मी त्यातून धरलेली गोष्ट परदेशात तर फारच उपयोगी पडते. आपण न विचारता कोणी येऊन सांगितलं की तुमची गाडी तिकडे आहे, तर जागचं हलायचं नाही. खिडकीवर जाऊन, गणवेशातल्या माणसाला, शक्यतो बाईला विचारायचं. बँकॉकला राजवाड्याबाहेर "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणणारे भेटतात, तोच प्रकार.

अनुभवी_प्रवासी
स्वारगेटचं उदाहरण माझंच म्हणणं सिद्ध करतं. धोका सगळीकडे आहे, म्हणून एकटं नको.

बाणेरची_टेकडी
धोका सगळीकडे असेल तर बाईने जायचंच नाही असा अर्थ होतो ना? काका, तिने विचारलंय कसं जावं. जावं की नाही हे तिने विचारलेलं नाही.

सिंधुदुर्ग_किनारा
डायव्हिंगसाठी एवढ्या लांब कशाला? तारकर्लीला एमटीडीसीचं केंद्र आहे, तिथे पूर्ण कोर्स होतो. शिकवणारे आपले, भाषा आपली. नोव्हेंबरात आपला समुद्रही निवळलेला असतो. पुण्याहून रात्री निघालात की सकाळी मालवणात.

निळीछत्री
तारकर्लीला जाऊन आले आहे, आवडलं होतं. विमानाचं तिकीट काढलेलं आहे. कृपया थायलंडवर बोला.

सिंहगडरोड_वाला
स्कूटर घेणार असाल तर एक. पुण्यात रोज गाडी चालवतो म्हणून तिथे जमेल असं नाही. को ताओचे चढ भयंकर आहेत, वर रेती. परवान्याशिवाय पडलात तर विमा कंपनी दावा नाकारते. संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना ते हातात घेतानाच बघा, नुसत्या चारचाकीचा तिथे उपयोग नाही. भाड्याने देणारे तारण म्हणून पासपोर्ट मागतात, तो द्यायचा नाही. माझ्या बहिणीकडून जुन्याच ओरखड्याचे पैसे काढले, पैसे मिळेपर्यंत पासपोर्ट सोडेनात. रोख अनामत घेणारा दुकानदार शोधा आणि गाडीचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा.

निळीछत्री
स्कूटर घेणार नाही.

चाफा_पांढरा
कोर्सबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. पोहता येतं ना? २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं असतं त्यात. आणि आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही आहे का?

निळीछत्री
पोहता येतं, टिळक टँकवर शिकले. लहानपणी दमा होता, आता थंडीत कधीतरी पंप लागतो. तेवढ्याने काय होतंय?

चाफा_पांढरा
होतं! फॉर्मवर दम्याला "हो" आलं की डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. खाली दाबाखाली घेतलेला श्वास वर येताना फुगतो. श्वासनलिका आवळलेली असेल तर हवा अडकून फुप्फुसाला इजा होऊ शकते. खोटं "नाही" लिहू नका. कोर्सचा फॉर्म आधीच मागवा, इथेच छातीच्या डॉक्टरांना दाखवा, श्वासाची तपासणी करून घ्या. ते नको म्हणाले तर नको. को ताओवर गंभीर काही झालं तर बोटीने को सामुईला न्यावं लागतं, आणि खवळलेल्या समुद्रात ती बोटही निघणार नाही. म्हणून मुळामुठा म्हणतात तो महिन्याचा मुद्दा तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा आहे.
डॉक्टरांनी होकार दिला तर शेवटचं डायव्ह आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेवा. तिकडे स्नॉर्केलिंग केलंत तरी किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या कुठे आहेत ते आधी बघून ठेवा. बॉक्स जेलीफिशने त्या आखातात माणसं गेली आहेत.

आजोळ
मला एक सांगा, बाईमाणसाने भिक्खूंना नमस्कार केला तर चालतो ना? आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत.

बाणेरची_टेकडी
काकू, लांबून हात जोडून चालतो. स्पर्श करायचा नाही, वस्तू हातात द्यायची नाही आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायचं नाही.
निळीछत्री, राहायचं म्हणाल तर फक्त बायकांची डॉर्म घ्या, बहुतेक हॉस्टेलांत असते. कुलूप स्वतःचं न्या. स्वतंत्र खोली असेल तर दाराखाली घालायची रबरी पाचर न्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पेय डोळ्यांसमोर उघडलेलं घ्या, बादलीतून देतात ते दारूचं मिश्रण अजिबात घेऊ नका. शेजारच्या लाओसमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हांग व्हिएंगला मिथेनॉलची दारू पोटात जाऊन सहा परदेशी पर्यटक गेले, त्यांत तरुण मुली होत्या. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात. आणि फोटो ते ठिकाण सोडल्यावरच टाका.

कर्वेरोड_४
मध्यरात्रीनंतर उतरताय म्हणजे पहिली रात्र विमानतळाजवळच काढा, पैसे वाचवायची ही जागा नाही. हॉटेलची गाडी आधी सांगून ठेवा. आणि थायलंडला पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

अनुभवी_प्रवासी
विमानतळाजवळच्या हॉटेलचं पटलं. घरी रोज ठरलेल्या वेळी फोन करा, एवढं माझं ऐका.

निळीछत्री
सगळ्यांना धन्यवाद. को ताओच्या डायव्हिंग स्कूलला मेल केला. त्यांनी स्वतःच लिहिलं की नोव्हेंबरात कोर्स अर्धा राहू शकतो, आणि आगाऊ रक्कम मार्चसाठी धरून ठेवायला तयार झाले. छातीच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. नोव्हेंबरात को लांटाला जाते, डायव्हिंग न करता, नुसतं पोहायला. रात्रीची बोट रद्द. बँकॉकहून क्राबीला विमानाने जाईन. क्राबी विमानतळावरून लांटाला अंधार पडायच्या आत पोचायचं तर किती वाजताचं विमान घेऊ?

मुळामुठा
व्हॅनला दोन ते तीन तास धरा, मध्ये गाडी फेरीवर चढते आणि तिथे रांग असते. नोव्हेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त. दुपारी बाराच्या आत क्राबीला उतरणारं विमान घ्या. व्हॅन विमानतळाच्या आतल्या काउंटरवरच ठरवा, बाहेर नाही.

निळीछत्री
सकाळी दहाला उतरणारं मिळालं. काढते तेच.

सिंधुदुर्ग_किनारा
डॉक्टरांचा होकार मिळाला तर मार्चच्या आधी एकदा तारकर्लीला सराव करून जा.