मदत हवी आहे : इंजिन ऑईलसाठी मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०, गॅरेजवाला म्हणतो १०डब्ल्यू-४० टाका

नमस्कार मंडळी,
गाडी पेट्रोल, १.० लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. ६२,००० किमी झालेत. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी (ऑईलच्या दर्जाचं मानक) लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरांत '०डब्ल्यू-२० न मिळाल्यास ५डब्ल्यू-३०'. गॅरेजमध्ये सांगतात, '२० म्हणजे पाणी. गाडी जुनी झाली, इथल्या उन्हाळ्यात १०डब्ल्यू-४० टाका, आवाजही कमी होईल.' सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद टकटक येते. ५,००० किमीत डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेपासून मध्यापर्यंत उतरते. तीन ग्रेडपैकी कोणती घालावी?

पाना_चौदा :
आधी एक गैरसमज काढू. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा फक्त गार इंजिनाचा. ०डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १०डब्ल्यूची उणे २५ वर. गरम इंजिनात काम करतो तो नंतरचा आकडा. १०० अंशांवर '२०' ऑईलची विस्कॉसिटी (म्हणजे जाडपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, '३०' ची ९.३ ते १२.५ आणि '४०' ची १२.५ ते १६.३. त्यामुळे '०डब्ल्यू आहे म्हणून उन्हाळ्यात पातळ पडेल' हे साफ चूक. ०डब्ल्यू-४० सुद्धा असतंच की.

आता उन्हाळ्याचं. साधारण ५डब्ल्यू-३० ऑईल १०० अंशांवर १०-११ सेंटिस्टोक असतं, तेच ४० अंशांवर ६० च्या पुढे. म्हणजे बाहेर कितीही उकडत असलं, तरी रात्रभर उभ्या गाडीतलं ऑईल इंजिनाला हवं त्याच्या सहापट जाड असतं. सकाळी ऑईल 'पातळ' असण्याची काळजी कुणीच करू नये. उलट ते लवकर वर पोचत नाही, ही खरी अडचण. तुमची टकटक बहुधा तीच : टायमिंग चेन किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, नाहीतर व्हॉल्व्हचा हायड्रॉलिक लिफ्टर ऑईलने भरेपर्यंतचे दोन सेकंद. १०डब्ल्यू-४० ने हा वेळ वाढेल. गरम झाल्यावर आवाज दबल्यासारखा वाटेल खरा, पण त्याने कारण जात नाही.

धागाकर्ता :
मग बेअरिंगवर २० ची फिल्म टिकते का? टर्बोची भीती वाटते.

पाना_चौदा :
रास्त प्रश्न. त्यासाठी एचटीएचएस हा आकडा बघायचा : १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात उरणारी विस्कॉसिटी. '२०' ला किमान २.६, '३०' ला २.९, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. '२०' साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, पृष्ठभाग आणि ऑईल पंप त्या २.६ वर जमवलेले असतात. इंधन वाचवणं हे पातळ ऑईलमागचं मोठं कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. भरलेली गाडी, लांब चढ, सतत जास्त वेग असा वापर असेल तर ५डब्ल्यू-३० घ्यायला माझी हरकत नाही, कारण मॅन्युअल परवानगी देतं. ४० ला परवानगी नाही, विषय संपला. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचा फेजर (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढे-मागे करणारा भाग) ऑईलच्या दाबावर आणि बारीक चाळणीच्या सोलेनॉइडवर चालतो. जाड ऑईलने तो उशिरा हलतो, मग पी००११ सारखा एरर कोड आणि चेक इंजिनचा दिवा. पुढे सोलेनॉइड बदलून पैसे जातात आणि ऑईलवर कुणाचा संशयही जात नाही.

तेलकट_बोटं :
ग्रेडपेक्षा कॅनच्या मागची बाजू वाचा. तुमचं इंजिन टर्बो जीडीआय (पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन) आहे, त्यामुळे एपीआय एसपी ही अट सोडू नका. कमी आरपीएमला जोरात पाय दिल्यावर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात. पिस्टनवरची, रिंगांमधली पट्टी फुटते त्याने. ऑईलमधलं कॅल्शियम डिटर्जंट त्याला खतपाणी घालतं, म्हणून नव्या ऑईलमध्ये त्यातला काही भाग मॅग्नेशियमने बदलतात. एसपी २०२० मध्ये आलं, त्यात एलएसपीआय आणि टायमिंग चेनची झीज दोन्हींच्या चाचण्या आहेत. एसएम किंवा जुनं एसएन (एसपीच्या आधीचे एपीआय दर्जे) लिहिलेलं ५डब्ल्यू-३० हे फक्त ग्रेडने बरोबर, तुमच्या इंजिनाला चूक.

टायमिंग बेल्ट ऑईलमध्ये बुडालेला आहे का, तेही मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबर कॅनवर जसाच्या तसा असायला हवा. चुकीच्या ऑईलने बेल्टचं रबर सुटतं आणि संपमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यातली) स्ट्रेनर जाळी तुंबते. मग ऑईल प्रेशरचा दिवा लागतो, तोवर उशीर झालेला असतो.

डिझेलवाल्यांसाठी जाता जाता : डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर लो-सॅप्स, म्हणजे कमी राखेचं ऑईलच, एसीईए या युरोपीय मानकाचा सी गट. काजळी रीजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ होताना) जळते, ऑईलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

पाना_चौदा :
ऑईल खातेय त्याबद्दल : दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटर असतं. तुमचा खप ५,००० किमीत फार तर अर्धा लिटर, टर्बोला तो काळजीचा नाही. वाढला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा), टर्बोचा इनटेक पाइप आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघा. जाड ऑईल हा त्यावरचा उपाय नाही. पातळी वाढत असेल तर मात्र जास्त काळजी करा. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑईलमध्ये मिसळतं. डिपस्टिक हुंगा, पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदलण्याचा इंटरव्हल निम्मा करा.

धागाकर्ता :
ठरलं, एसपीचं ०डब्ल्यू-२०. घरी बदलायचंय, काही सांगाल?

तेलकट_बोटं :
इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. जुना दाबून चपटा झालेला असतो, तो परत लावला की थेंब गळतो, मग लोक बोल्ट जास्त आवळतात आणि अॅल्युमिनियमच्या संपचा आटा जातो. फिल्टर काढल्यावर जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर दाबाने सगळं ऑईल बाहेर. नव्या रिंगेला ऑईल लावा, टेकल्यावर हाताने पाऊण वेढा. पाना नको.

मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ३.६ लिटर असेल तर ३.२ भरा, मिनिटभर चालवा, दहा मिनिटं थांबा, सपाट जागी मोजा, मग थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर गेलं तर काढून टाका. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो.

धागाकर्ता :
वॉशरचा मापनंबर मॅन्युअलमध्ये सापडला, एम१४. आभार मंडळी.