दसऱ्याची तोरणं कचऱ्यात टाकू नका

सी ४०३: नमस्कार मंडळी. काल दाराला लावलेली झेंडूची तोरणं आज ओल्या कचऱ्यात देऊ नका, प्लीज. लिफ्टजवळ गोणपाट ठेवलंय, त्यात टाका. दोरा आणि आंब्याची पानं काढलीत तर फारच बरं. त्या फुलांच्या रंगात मी सूत आणि कापड रंगवते.

ए १०२: गाडीच्या हाराची फुलं चालतील का?

सी ४०३: चालतील. कोमेजलेली, वाळलेलीही चालतात. बुरशी धरलेली तेवढी नकोत.

बी ५०१: ताई, लेकीच्या प्रोजेक्टला हळदीत रुमाल रंगवला होता. काय सुंदर पिवळा आला होता! दोनदा दोरीवर वाळत घातला आणि रंग पार उडाला. झेंडूचंही तसंच होणार ना?

सी ४०३: नाही हो. हळद कापडाला पटकन लागते, पण उन्हात टिकत नाही आणि साबण लागला की लाल पडते. बीट तर धुण्यातच निघून जातं. नवीन माणूस नेमका या दोघांपासून सुरुवात करतो आणि नाद सोडून देतो, याचं फार वाईट वाटतं. झेंडू, कांद्याची सालं, डाळिंबाची सालं यांचा रंग तुरटी धरून ठेवते. झेंडूत रंगवलेलं कापडसुद्धा सावलीतच वाळवायचं आणि रिठ्याने धुवायचं, मग रंग पुष्कळ टिकतो.

डी २०४: म्हणजे रंगाच्या पाण्यात तुरटी टाकायची?

सी ४०३: तुरटी आधी. खरं काम रंगाच्या आधीच असतं. सुती कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळायचं. पांढऱ्याशुभ्र मांजरपाटातूनही चहासारखं पाणी निघतं, कारण त्यात खळ आणि कापसाचं मेण असतं. मग हिरडा, म्हणजे त्रिफळा चूर्णातलं ते तुरट फळ. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण २० ग्रॅम हिरडा पूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवायचं, सकाळी न खळबळता वाळवायचं. त्यानंतर १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात. लोकर आणि रेशीम तुरटीला थेट धरतात, त्यांना हिरडा लागत नाही. सुताला लागतो. ही पायरी गाळली तर नुसतं फिकट पिवळं पाणी फासल्यासारखं दिसतं.

ए ३०१ (आजी): अगं, आमच्या आंबेगावकडे बाळहिरडा अजून गोळा करतात, डोंगरातली माणसं त्यावर चार पैसे मिळवतात. कापडाला लावतात हे मात्र आज कळलं.

सी ४०३: आजी, कलमकारीच्या कापडाला रंगाआधी हिरडाच देतात! आपल्याला काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते.

डी २०४: माझ्याकडे विणकामाची भरपूर लोकर पडून आहे. देऊ का?

सी ४०३: आधी एक धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक, त्यावर झेंडू चढणार नाही. दुकानातली स्वस्त लोकर बहुतेक अॅक्रिलिकच असते. खरी असेल तर लडी सैल बांधून द्या. ती मंद आचेवर हळूहळू तापवायची, ढवळायची नाही आणि गरममधून एकदम गार पाण्यात घालायची नाही. नाहीतर आटून नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत गुंतून घट्ट गोळा होतात.

सेक्रेटरी: उपक्रम छान आहे. गच्चीवर शेगडी मात्र नको. आणि हे पाणी कुठे ओतणार? केमिकल नाही ना काही?

सी ४०३: शेगडी माझ्या घरातलीच, खिडकी उघडी ठेवून. पातेलं स्टीलचं आणि वेगळं, स्वयंपाकाला पुन्हा वापरत नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) काही लोक वापरतात, मी घरात आणतच नाही, ते विषारी आहे. फुलांचा चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात जाईल. तुरटीचं पाणी त्याच दिवशी टाकत नाही, पुढच्या कापडाला थोडी तुरटी वाढवून पुन्हा वापरते.

बी ५०१: पिवळाच रंग येतो का? हिरवा, काळा वगैरे?

सी ४०३: हा माझा सगळ्यात आवडता भाग! गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे मुरवायचे. त्या लोहपाण्यात झेंडूचं पिवळं कापड क्षणभर बुडवलं की डोळ्यांदेखत शेवाळी हिरवं होतं. नुसतं हिरडा दिलेलं कापड बुडवलं तर राखाडी, जास्त वेळ ठेवलं तर काळ्याकडे जातं. कलमकारीतला काळाही लोखंड-गुळाच्याच पाण्याचा. फक्त जपून, लोखंड जास्त झालं तर धागा कमजोर होतो. लोकरही राठ होते.

ए १०२: गोणपाट अर्धं भरलं! आमच्या वॉचमन दादांनी पण गेटचं तोरण टाकलंय.

सी ४०३: त्यांना माझ्याकडून धन्यवाद सांगा 🙏 पाकळ्या तोडायला चार हात लागतील, आज संध्याकाळी ६ नंतर क्लबहाउसमध्ये या. हिरव्या देठामुळे रंग मळकट येतो, म्हणून फक्त पाकळ्या घ्यायच्या. रविवारी सकाळी १० वाजता रंगवू. ज्यांना करून बघायचंय त्यांनी जुनी सुती ओढणी किंवा पंचा उद्यापर्यंत द्या, सोडा-हिरडा-तुरटी मी आधीच करून ठेवते.

बी ५०१: टेरिकॉटची ओढणी चालेल का?

सी ४०३: त्यातलं फक्त सूत रंग घेईल, पॉलिस्टर कोरं राहील. शंभर टक्के सुतीच द्या ताई.