जीएनटी-वन बंद पडलं की भात मरतो, अरेबिडॉप्सिस जगतो, असं का?

गोंधळलेला_एमएस्सी: सेमिनारसाठी प्रोटीनवरच्या साखरेच्या साखळ्या वाचतोय. जीएनटी-वन एन्झाइम नसलेला अरेबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत वापरतात ते छोटं तण) साध्या कुंडीत चांगला वाढतो, म्हणून मी स्लाइडवर लिहून टाकलं की झाडांना या साखळ्यांची फारशी गरज नसते. आता सर म्हणतात भाताचं बघ. बघितलं तर भात फुलोऱ्याआधीच मरतो! एन्झाइम तेच ना?

गॉल्जीची_वारी: एन्झाइम तेच, पण आधी नीट समजून घे काय बंद पडतं ते. पेशीतल्या ईआर नावाच्या भागात १४ साखरांची तयार साखळी एकदम प्रोटीनच्या ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावर बसते (त्याच्यानंतर एक सोडून सेरीन किंवा थ्रिओनिन लागतं, मधे प्रोलिन चालत नाही), ते काम म्युटंटमध्येही, म्हणजे जीएनटी-वनचा जीन बिघडलेल्या झाडातही, होतंच. मग छाटणी होते आणि गॉल्जी या पुढच्या भागात जीएनटी-वन एक साखर लावतं, ती लागली तरच पुढे साखळीवर झायलोज आणि फ्युकोज या साखरा चढतात, म्हणजे दारच बंद झालं तर आतली सगळी सजावट राहून जाते. त्यामुळे साखळी नसतेच असं नाही रे, अर्धवट राहते. स्लाइडवर तेवढं बदल.

भातखाचर: भातात म्हणे सायटोकायनिन या वाढीच्या हार्मोनला प्रतिसाद कमी होतो, सेल्युलोज कमी बनतं, फुटवे येत नाहीत. २०१३चा पेपर आहे. आणि अरेबिडॉप्सिसचं कौतुक पण जपून, मिठाच्या पाण्यात तोही कोमेजतो. एका तणाच्या जिवावर सगळी तृणधान्यं शिकवायची ही सवयच वाईट, माझं स्पष्ट मत.

चपातीवाली: विषय थोडा वेगळा, पण हेच झायलोज-फ्युकोज झाडांत साखळीला जसे जोडलेले असतात तसे आपल्या शरीरात नसतात म्हणून काहींच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात. माझ्या बहिणीची गव्हाची ॲलर्जी टेस्ट पॉझिटिव्ह आली, डॉक्टर म्हणाले हे बहुतेक त्या साखरेमुळे, पोळ्या खा. खाते रोज, काही होत नाही. पण ज्याला खरंच त्रास होतो त्याने हे वाचून गहू सुरू करू नये हां.

गोंधळलेला_एमएस्सी: थँक्यू सगळ्यांना, स्लाइड बदलली. पण एक डाऊट, म्युटंट फुलतच नाही तर बी कुठून आणतात?

गॉल्जीची_वारी: हेटेरोझायगसचं, म्हणजे जीनची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असलेल्या झाडाचं, बी ठेवतात, ते बऱ्यापैकी वाढतं. पेरलं की चारातलं साधारण एक रोप मरणारं निघतं, तेच शोधून काढायचं.