अनुभव धागा: बर्फावर कुणाला बघून उतरलात?

बर्फवेडी

गेली सहा वर्षं मी मुलांना स्की शिकवतेय, साधारण आठ ते सोळा वयाची पोरं. दर सीझनच्या पहिल्या दिवशी विचारते, की बाबा तुला हे का शिकायचंय, तेव्हा लहान मुलं म्हणतात मजा येते आणि मोठी नुसते खांदे उडवतात. खरं उत्तर मिळतं ते उतारावर वर नेणाऱ्या चेअरलिफ्टवर. तिथं शेजारी बसून दोघंही समोर बघत असतो, डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत, त्यामुळे एरवी गप्प असलेलं पोरगंही त्या सात-आठ मिनिटांत भडाभडा बोलतं.

परवा एक तेरा वर्षांची मुलगी अशीच बोलता बोलता म्हणाली, "मला स्नोबोर्डर क्लोई किमचं 2018 चं ऑलिंपिक गोल्ड माहितीये, पण मी 2022 चंच परत परत बघते, कारण त्यात ती पडते." मी घरी येऊन परत बघितलं. बीजिंगला पहिल्याच रनमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, तिला 94 गुण मिळाले होते, आघाडीवर होती, तेवढं जपून पुढचे दोन रन साधेसुधे केले असते तरी कुणी काही बोललं नसतं. पण तिने दोन्ही वेळा अजून अवघड उडी लावायला घेतली आणि दोन्ही वेळा पडली. गोल्ड मिळालंच, पण या मुलीच्या डोक्यात राहिलंय ते पडणं.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा. तुम्ही कुणाला बघून बर्फावर उतरलात, आणि आपटल्यावर कशामुळे परत उभे राहिलात? स्की असो, बोर्ड असो, स्वतःचा अनुभव असो नाहीतर तुमच्या मुलांचा, मोकळेपणाने लिहा.

उजवा_पाय_पुढे

मी लिहितो पहिला. वय 17, स्नोबोर्ड, गूफी, म्हणजे उजवा पाय पुढे.

सुरुवातीचे तीन दिवस मी फक्त आपटत होतो. ज्यांनी बोर्ड केलंय त्यांना माहितीये, उताराच्या बाजूची एज, म्हणजे बोर्डची धार, बर्फात रुतली की तोल सावरायला वेळच मिळत नाही, काय झालं ते कळायच्या आत पाठीवर नाहीतर तोंडावर. मनगटं सुजली होती. चौथ्या दिवशी मी बोर्ड काढून पार्कच्या कडेला बसलो, ठरवलं होतं की बस झालं आता.

समोर एक मुलगी एका रेलवर, म्हणजे बोर्डने घसरत जायच्या दांड्यावर, प्रॅक्टिस करत होती, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. ती पडत होती. मी सहज मोजायला लागलो. दर वेळी मागचा पाय बाइंडिंगमधून (बूट बोर्डाला जखडणारा पट्टा) सोडवायची, बोर्ड ओढत चढ चढून वर यायची, अंगठ्याने बाइंडिंगमधला बर्फ खरवडायची, परत पाय आवळायची, परत जायची. तिच्या डाव्या ग्लोव्हला करंगळीपाशी काळी टेप गुंडाळलेली होती, ती पण सुटत आली होती. अकरा वेळा पडली. बाराव्या वेळी रेलच्या टोकापर्यंत गेली आणि सरळ लँड झाली. मला वाटलं आता ओरडेल, हात वर करेल, तर तिने फक्त थांबून मागे रेलकडे बघितलं आणि परत वर आली, तेराव्यांदा करायला.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं होतं. जाता जाता म्हणाली, "तू मगाशी पडलास ना, तेव्हा स्वतःच्या बोर्डकडे बघत होतास. जिथं जायचंय तिथं बघ." बास एवढंच, नाव पण माहिती नाही मला तिचं. आज चार वर्षं झाली, खोलीत मोठ्या मोठ्या रायडर्सची पोस्टर्स आहेत, पण कुणी विचारलं की कुणामुळे सुरू केलंस तर ती टेपवालीच आठवते.

मागच्या_चेअरवरची_आई

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला एस्तेर लेडेत्स्काचं वेड आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, 2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये ही चेक मुलगी मुळात स्नोबोर्डर म्हणून ओळखली जात होती, स्कीच्या सुपर-जी या वेगवान शर्यतीत तिच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, 26 नंबरचा बिब, आणि ती 0.01 सेकंदाने जिंकली. एक शतांश सेकंद! खाली येऊन ती नुसती स्कोअरबोर्डाकडे बघत उभी, चेहऱ्यावर हे की वेळ चुकीची दाखवतायत बहुतेक. आणि आठवड्याभराने स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांच्या गेटांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, पण गोल्ड.

आमच्याकडे तो "उभी राहून बघतेय" वाला तुकडा शंभर वेळा तरी बघून झालाय. मी एकदा विचारलं, यात काय एवढं? तर म्हणाली, "आई, तिला पण माहिती नव्हतं की तिला येतं." मी गप्पच झाले. ही मुलगी शाळेत हात वर करत नाही, उत्तर येत असलं तरी. गेल्या महिन्यात ती कुणी न सांगता एकटी ब्लू रनवरून, म्हणजे मध्यम उतारावरून, खाली आली, स्नोप्लाऊ (स्कीची टोकं जुळवून ब्रेक लावणं) न करता, स्की समांतर ठेवून. खाली पोचून मागे वळून सगळा उतार बघत उभी राहिली, अगदी तस्संच.

तिसरं_गेट

मी स्लॅलम करतो, क्लबच्या ज्युनियर रेसमध्ये. गेल्या सीझनला माझ्या सलग पाच रेस पूर्ण झाल्या नाहीत. पाच. त्यातल्या दोन तर तिसऱ्या गेटला, म्हणजे स्टार्ट हटमधून निघालो, दोन वळणं घेतली, स्की गेटच्या चुकीच्या बाजूने गेली, संपलं. वर्षभराची तयारी पाच सेकंदांत. त्यात बाकीचे खाली पोचलेले असतात आणि आपण कडेकडेने सगळ्यांसमोरून उतरायचं, ते सगळ्यात वाईट.

पाचव्या रेसनंतर मी कडेला बर्फातच बसलो. कोच वरून आला, मला वाटलं बोलेल काहीतरी, पण त्याने माझे पोल उचलले, बर्फ झटकला आणि शेजारी बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मिकाएला शिफ्रिन अशीच बसली होती." ही अमेरिकेची स्की रेसर. मला माहितीच होतं ते, 2022 ला बीजिंगमध्ये, आधी जायंट स्लॅलममध्ये बाद, मग तिच्या स्वतःच्या हुकमी स्लॅलममध्ये चौथ्या-पाचव्या गेटपाशीच बाद, आणि ती कोर्सच्या कडेला डोकं गुडघ्यांत घालून वीसेक मिनिटं बसून होती, सगळं जग बघत असताना. जिने 18 व्या वर्षी सोचीला त्याच स्लॅलमचं गोल्ड घेतलं होतं ती! पुढच्याच वर्षी, मार्च 2023 मध्ये, तिने वर्ल्ड कपची 87 वी रेस जिंकून स्वीडनच्या स्टेनमार्कचा 86 चा विक्रम मोडला आणि 2025 ला शंभरावी.

पण त्या दिवशी मला 87 नि 100 नी काही फरक पडला नाही खरं सांगायचं तर. फरक पडला तो कोचने तिचं बसणं सांगितलं म्हणून, जिंकणं नाही. सहावी रेस मी पूर्ण केली. शेवटून चौथा आलो. खाली आल्यावर आवाज बसला होता इतका ओरडलो.

बर्फवेडी

तिसरं_गेट, तुझं वाचून डोळे भरून आले रे. तुझ्या कोचने जे केलं ते मला जमत नाही अजून, मुलं पडली की मी लगेच बोलायला लागते. शिकायला हवं.

पहाटेची_लिफ्ट

माझं थोडं वेगळं आहे. मला कुणी हिरो नाही, व्हिडिओ पण फार बघत नाही. मला पहिली लिफ्ट आवडते. रात्री मशिनने सपाट केलेला बर्फ, त्यावर त्या बारीक समांतर रेघा, कुणाचाच माग नाही, आणि पहिलं वळण घेताना एज त्यात शिरते तेव्हा होणारा तो कर्रर्र आवाज. त्या एका वळणासाठी मी पाच वाजता उठते. एवढंच.

ताईचा_आवाज

माझा भाऊ बारा वर्षांचा, त्याला मधलं काही दिसत नाही, कडेच्या आकृत्या तेवढ्या दिसतात. तो स्की करतो आणि मी त्याची गाइड.

काम असं चालतं: दोघांच्या हेल्मेटमध्ये हेडसेट, मी नारिंगी जॅकेट घालून पुढे, आणि मी सतत बोलत राहायचं. "डावी, धर धर, उजवी, सपाट आलं, चढ, थांब." मी गप्प झाले की तो थांबणार, हा आमचा नियम. अंतर फार पडलं तर त्याला माझी आकृती हरवते, फार कमी झालं तर तो माझ्यावर येऊन आदळतो, म्हणजे मला वेग माझ्या नाही, त्याच्या पायांचा धरावा लागतो. पहिल्या वर्षी संध्याकाळी माझा घसा पार बसलेला असायचा.

त्याला हेन्रिएता फार्काशोव्हाबद्दल मी वाचून दाखवलं होतं, स्लोव्हाकियाची, 2018 च्या पॅरालिंपिकमध्ये चार गोल्ड आणि एक सिल्व्हर, गाइड नतालिया शुबर्तोव्हा. त्याने पहिला प्रश्न काय विचारला? "गाइडला पण मेडल मिळतं का?" मिळतं म्हटल्यावर म्हणाला मग ठीक आहे, करूया.

सगळे म्हणतात तू त्याच्यासाठी किती करतेस. पण मला स्की नीट त्याच्यामुळेच यायला लागलं हो. परवा उतरताना माझ्या कानात त्याचा आवाज आला, "ताई, तुझ्या स्कीचा आवाज बदलला, पुढे आइस आहे ना?" मला पायाखाली जाणवायच्या आधी त्याला ऐकू आलं होतं. मी म्हटलं हो, आणि दोघंही हळू झालो.

एसीएल_नंतर

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन, मग जवळजवळ एक वर्ष बर्फ बंद. वय तेव्हा 16. मित्र रोज क्लिप्स पाठवायचे आणि मी फोन उलटा ठेवायचे.

त्या काळात कॅनडाचा स्नोबोर्डर मार्क मॅकमॉरिस धरून ठेवला होता मी. मार्च 2017 मध्ये तो झाडावर आदळला, जबडा, हात, बरगड्या, कंबरेचं हाड मोडलं, प्लीहा फाटली, एक फुफ्फुस आकसलं. आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ऑलिंपिकच्या स्लोपस्टाइलला (रेल आणि उड्यांची स्पर्धा) ब्रॉन्झ. फिजिओकडे पाय उचलताना रडू यायचं तेव्हा मी मनात त्याची मोडलेली हाडं मोजायचे, खरंच.

पण एक सांगते, परत आल्यावर गुडघा तयार होता, डोकं नव्हतं. ज्या उडीवर पडले होते तिच्याकडे मी निघायचे आणि शेवटच्या क्षणी बाजूने निघून जायचे, अठ्ठावीस दिवस. एकोणतिसाव्या दिवशी एक लहान मुलगा माझ्या मागे रांगेत होता, त्याने विचारलं, "तू जातेयस की मी जाऊ?" आणि मी गेले. काही थोर विचार वगैरे नव्हता, नुसतं गेले. बाकी ज्यांची दुखापत ताजी आहे त्यांनी डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणेपर्यंत थांबा, प्लीज.

एअरबॅग_आधी

कोच म्हणून एक काळजीची गोष्ट लिहितो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. पोरं जपानच्या स्नोबोर्डर अयुमु हिरानोचा ट्रिपल कॉर्क बघून येतात आणि म्हणतात शिकवा. अरे, चार पूर्ण फेऱ्या आणि त्यात तीनदा शरीर तिरकं उलटं होतं, तेही 22 फुटी भिंतीच्या हाफपाइपच्या, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीच्या, वर. आधी ट्रॅम्पोलिन, मग एअरबॅग (हवा भरलेली मोठी गादी), मग बर्फ, आणि प्रत्येक पायरीवर शेकडो वेळा. क्लिप पंधरा सेकंदांची असते, त्यामागची वर्षं तिच्यात दिसत नाहीत.

मी त्यांना हिरानोचीच दुसरी गोष्ट सांगतो. 15 वर्षांचा असताना सोचीला सिल्व्हर, 2018 ला परत सिल्व्हर. बीजिंगला दुसऱ्या रनमध्ये ट्रिपल कॉर्कसकट सगळं नीट केलं तर 91.75 मिळाले, प्रेक्षकांपासून कॉमेंटेटरपर्यंत सगळे चिडले. तो चिडून काही वेगळं करायला गेला नाही. वर गेला आणि तिसऱ्या रनमध्ये तोच क्रम परत केला, आधीपेक्षा चांगला. 96, गोल्ड. हे बघून पोरं उडी मागायची थांबतात आणि बेसिक वळणं घोटायला तयार होतात, निदान दोन-तीन दिवस तरी.

उलटी_स्की

फ्रीस्टाइल स्कीवाली मुलगी, वय 15. मी सारा बर्कमुळे. ती गेली तेव्हा मी खूपच लहान होते, तिला लाइव्ह कधीच पाहिलं नाही. कॅनडाची होती, स्की हाफपाइप ऑलिंपिकमध्ये यावं, मुलींनाही त्यात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं मागे लागली होती. ते मंजूर झालं, आणि जानेवारी 2012 मध्ये सरावात पडून ती गेली. 2014 ला सोचीला मुली पहिल्यांदा त्या पाइपमध्ये उतरल्या तेव्हा ती नव्हती.

आमच्या पार्कात सकाळी कधी कधी मी एकटीच मुलगी असते. पाइपच्या काठावर उभी राहिले की थोडं पोटात गोळा येतो, मग आठवतं की हा दरवाजा कुणीतरी ढकलून उघडलाय. मग पोल आवळते आणि जाते.

मागच्या_चेअरवरची_आई

सगळं लेकीला वाचून दाखवलं. भाऊ-बहिणीचं तर दोनदा वाचायला लावलं. तिला पण लिहायचंय म्हणतेय, ती सांगते तसंच टाइप करते:

"मी काल पडले तेव्हा एक दादा थांबला. मला वाटलं उचलेल. पण त्याने माझी सुटलेली स्की आणून उताराला आडवी ठेवली, कारण सरळ ठेवली तर ती पळून जाते, आणि बुटाखालचा बर्फ काढायला त्याचा पोल दिला. मग म्हणाला आता तू घाल. तिसऱ्या वेळी टक् आवाज आला. आज एक छोटी मुलगी पडली होती, मी तिची स्की आडवी ठेवली."