‘निरसं’, ‘धारोष्ण’ आणि ‘निर्भेळ’

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीच्या शहरी दूध तपासणीवर लिहिताना ‘निरीक्षक धारोष्ण, निर्भेळ दुधाचा नमुना घेत’ असं वाक्य केलंय. दोन्ही शब्दांचा अर्थ शुद्ध असाच ना? कोल्हापुरात ‘निरसं’ म्हणतात, ते वापरू का?

उत्तर : तिन्ही शब्द वेगळे आहेत. न तापवलेलं ते निरसं, मग ते सकाळचं असो की दुपारचं. धारोष्ण म्हणजे धारेची ऊब अजून न गेलेलं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोर काढून देतात, ते धारोष्ण. घरी नेऊन तासभर ठेवलं की निरसंच, पण धारोष्ण नाही. निर्भेळचा संबंध फक्त भेसळीशी. निर्भेळ दूध तापवलेलंही असू शकतं.

दुसरं उत्तर : तुमच्या वाक्यातली खरी चूक तपासणीच्या अंगाने दिसते. धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर (दुधाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी) बुडवायचाच नसतो. तो ६० अंश फॅरनहाइटला आखलेला, आणि ताजं दूध १०० च्या आसपास. दूध ६० पेक्षा जितकं गरम, तितक्या दर अंशामागे लॅक्टोमीटरवरच्या आकड्यात, म्हणजे ‘डिग्री’त, ०.१ मिळवायचा नियम ६० च्या जवळपासच चालतो. ७० अंशांवर २९ आलं तर ३० धरा, पण १०० अंशांवर हा हिशेब लावू नका. त्यात फेस. हवेचे बुडबुडे दुधात असतात तोवर डिग्री कमी लागते, आणि चांगल्या दुधावर पाण्याचा आळ येतो. दूध निवू द्यावं, फेस बसू द्यावा, हलक्या हाताने ढवळावं, मग बघावं.

माप घेतानाही फेसाकडे लक्ष हवं. उंचावरून ओतलं की मापटं फेसानेच भरतं.

त्यावर : आणि डिग्री बरोबर लागली म्हणून दूध निर्भेळ ठरत नाही. साय काढली की डिग्री चढते, बेतानं पाणी घातलं की पुन्हा चांगल्या दुधासारखी तीसवर येते. ही दुहेरी लबाडी दुधातलं फॅट मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी असलेल्या गर्बरच्या नळीत आधी १० मि.लि. सल्फ्युरिक आम्ल, मग कडेने हळूच १०.७५ मि.लि. दूध, शेवटी १ मि.लि. अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, गरगर फिरवणाऱ्या यंत्रात (सेंट्रीफ्यूज) फिरवायचं, ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवून वाचायचं. फॅटच्या थराखाली काळे कण दिसले तर आम्ल जहाल होतं, पांढरा चोथा राहिला तर सौम्य.

प्रश्नकर्ता : मग ‘निर्भेळ’ म्हणजे निरोगी तरी?

उत्तर : तेही नाही, आणि हे ठासून लिहाच. माल्टात १९०५ साली झॅमिट या डॉक्टरने शेळ्यांच्या रक्तात माल्टा तापाचे (ब्रुसेलोसिसचे) जंतू दाखवले. शेळीच्या, पाण्याचा थेंब नसलेल्या दुधातूनही माणसांना तो ताप येत होता. निर्भेळ आणि निर्जंतुक या दोन शब्दांत गल्लत करणं धोक्याचं आहे. निरसं दूध उकळावंच.

शेवटचा मुद्दा : मुंबईचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात आलं. तेव्हा त्या कायद्याचं कलम कोल्हापूरच्या निरीक्षकाच्या तोंडी घालू नका. वाक्य असं करा : ‘निरीक्षक निरशा दुधाचा नमुना घेत आणि ते निवल्यावर डिग्री पाहत.’ निर्भेळ आहे की नाही, ते त्यानंतर ठरणार. नमुन्यालाच आधी निर्भेळ म्हटलं तर तपासायचं काय?