मदत हवी आहे: कीलचा एक नट फिरतच राहतोय, टॉर्क काही येत नाही

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लवकर मार्गदर्शन करावं. टायपायला चुका झाल्या तर सांभाळून घ्या, दोन दिवस बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाच्या खोलगट भागात) उलटा लटकून मान धरलीय.

बोट २९ फुटी, फायबरची, जुनी, मी तिसरा का चौथा मालक. फिन कील आहे, म्हणजे तळाखाली बोल्टने लावलेलं वजनदार पातं, ओतीव लोखंडाचं. एकूण ९ बोल्ट, म्हणजे खरं तर एम २० चे (२० मिमी जाडीचे) स्टेनलेस स्टड, बिनडोक्याचे बोल्ट, खाली लोखंडात आट्यांवर बसवलेले आणि वर बिल्जमध्ये वॉशर नि नट. सध्या बोट पाण्याबाहेर कीलवर टेकून उभी आहे, दोन्ही बाजूंनी टेकू लावलेत. तळाचा रंग खरवडताना कील आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) सांध्यात पुढच्या टोकाला वीतभर लांब फट दिसली आणि तिच्यातून तांबूस पाणी ओघळलेलं. मला वाटलं बोल्ट सैल झाले असतील, आवळून टाकू, सील भरू, संपला विषय. टॉर्क रेंच आणला, ३० चा सॉकेट लावला, मॅन्युअलमधला आकडा सेट केला (तेवढा ताण आला की तो क्लिक करतो) आणि सुरू झालो. सहा नट जागचे हलले नाहीत, लगेच क्लिक. दोन अगदी थोडे फिरले आणि क्लिक. पण पुढून तिसरा जो आहे तो फिरला, फिरला, दीड आटा फिरला तरी क्लिक नाही, हाताला जोर लागतोय पण वाढत नाहीये. तिथे घाबरून थांबलो.

अजून आवळू का? की वरून दुसरा नट मारून लॉक करू? बाकीचे आठ चांगले आहेत तर एकावाचून चालतं का? पुढच्या आठवड्यात बोट पाण्यात सोडायची ठरलीय.

प्रतिसाद १
थांबलात हे उत्तम केलंत. आता पाना खाली ठेवा आणि त्याला हात लावू नका.

नट फिरतोय आणि ताण वाढत नाही म्हणजे कुठेतरी काहीतरी सरकतंय. एक तर वॉशर खालच्या फायबरमध्ये रुततोय. नाहीतर लोखंडातले आटे गेलेत आणि स्टड उपटला जातोय. नाहीतर स्टड सांध्यापाशी झिजून बारीक झालाय आणि तिथे ताणला जातोय. ओळखायचं कसं सांगतो. स्टडच्या डोक्यावर आणि नटवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा. शेजारच्या दोन फ्लोअरवर (हलला आतून चिकटवलेल्या आडव्या तुळयांवर) सरळ पट्टी टाका, पट्टीपासून स्टडचं डोकं किती आणि वॉशर किती ते मोजून ठेवा. मग फक्त पाव आटा फिरवा, जास्त नाही. वॉशर खाली गेला तर फायबर चिरडतंय. वॉशर तिथेच आणि स्टड वर आला तर स्टडचंच काम झालंय. रेघ न मोडता दोघं मिळून फिरले तर स्टड लोखंडात मोकळा आहे.

आणि दुसरा नट मारून काहीही होणार नाही. तो पहिल्या नटला धरेल, कीलला नाही.

प्रतिसाद २
मी तर दरवर्षी सगळे नट पाव पाव आटा आवळतो, बारा वर्षं झाली, काही होत नाही. उगाच घाबरवू नका माणसाला.

प्रतिसाद १
काका, दरवर्षी पाव आटा जर खरंच मिळत असेल तर बारा वर्षांत तीन आटे झाले. ते कुठे गेले याचा विचार करा आणि वॉशरखाली एकदा टॉर्च मारून बघा. निरोगी सांध्यात तपासणी करताना नट हलत नाही, हलला तर का हलला हे आधी शोधायचं.

प्रतिसाद ३
धागाकर्ते, बोट कधी खडकावर आपटली होती का? आधीच्या मालकाला विचारा, खरं सांगेल असं नाही पण विचारा. कीलचं खालचं टोक पुढून आपटलं की कीलची मागची कड वर हलमध्ये घुसते आणि पुढचे बोल्ट खाली ओढले जातात. म्हणून फट पुढे दिसते आणि खरं नुकसान मागे असतं. कीलच्या मागच्या कडेवरचे फ्लोअर आणि ते हलला जिथे चिकटवलेत तो जोड नीट बघा, केसाएवढी भेग असली तरी. २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाच्या यॉटची कील भर अटलांटिकमध्ये गळून पडली, चौघे गेले. ब्रिटिश तपास अहवालात आधीचं जमिनीला लागणं आणि आतली फ्रेम हलला चिकटवलेल्या जागेच्या दुरुस्त्या, यांनी सांधा कमकुवत झाला असावा असं म्हटलंय. सांगायचा मुद्दा, नुसते नट बघून भागत नाही.

दुसरं, क्रेनच्या पट्ट्यांवर बोट जेमतेम उचलून घ्या, कील लटकू द्या, आणि त्या फटीत पातळ पट्टी घालून बघा. आता बोटीचंच वजन सांधा दाबून धरतंय म्हणून तो बरा दिसतोय. खाली कोणी उभं राहू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. वॉशर हलला नाही, स्टड वर आला. पाव आट्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आज क्रेनवाल्याकडून उचलून घेतली, पुढून फटीत करवतीचं पातं अख्खं आत गेलं. आपटल्याचं आधीचे मालक "आठवत नाही" म्हणाले. मागचे फ्लोअर मात्र ठीक वाटतायत, टकटक करून बघितलं, आवाज सगळीकडे खणखणीत.

पण स्टेनलेस गंजतं कसं राव? बिल्जमधला भाग चकाचक आहे.

प्रतिसाद १
तिथेच तर फसगत होते. स्टेनलेसला टिकायला ऑक्सिजन लागतो, त्याच्यावर जो पातळ थर तयार होतो तोच त्याला वाचवतो. बिल्जमध्ये हवा आहे म्हणून वरचा भाग चकाचक. सांध्यात सील फाटलं की खारं पाणी शिरतं आणि तिथेच साचून राहतं, हवा नाही, थर तुटतो आणि नेमक्या त्या अर्ध्या इंचात खड्डे पडत जातात. वरून आणि खालून जाड, मधे कंबर. आता दोन नट एकमेकांवर आवळून तो स्टड सोडवून बघा, बोट परत कीलवर टेकवून मगच. मधे तुटला तर वाईट वाटून घेऊ नका, तुटायचाच होता.

धागाकर्ता
तुटला. अर्धाच हातात आला. तुटलेल्या जागी टोक काढलेल्या पेन्सिलीएवढा उरलाय, आणि मी त्याच्यावर मागच्या मोसमात भर वाऱ्यात बोट आडवी करून हाकत होतो. पोटात गोळा आलाय.

मग आता कील उतरवायचीच ना?

प्रतिसाद ३
हो. जे आठ क्लिक झाले त्यांनी टॉर्क घेतला एवढंच कळलं, मधे किती जाडी उरली हे कळलं नाही. अल्ट्रासाऊंडने वरून तपासता येतं पण एक असा निघाल्यावर मी तरी नऊच्या नऊ बदलीन. तुटलेला तुकडा कील खाली आल्यावर ड्रिल करून काढता येईल. लोखंडाचा वरचा भाग ब्लास्ट (वाळूचा मारा करून साफ) केलात तर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी परत तांबडा. स्टड ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, वॉशर जाड आणि मोठे. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरपूर, सगळीकडून बाहेर येईल इतपतच पहिल्यांदा आवळा, मधून सुरू करून आळीपाळीने पुढे मागे. सीलंट धरलं की मग पूर्ण टॉर्क, तोही दोनतीन फेऱ्यांत.

प्रतिसाद १
यात एकच भर. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत जाम होतात, त्यामुळे अँटीसीझ वंगण लावाच. पण लावलंत की तोच टॉर्क बोल्टला बराच जास्त ताणतो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे का वंगणाच्या, ते आधी बघा.

धागाकर्ता
मॅन्युअलमध्ये तसं काही लिहिलेलं नाही, बोट बनवणाऱ्यांना मेल टाकलाय. पाण्यात सोडायची तारीख रद्द केली. कील खाली आली की फोटो टाकतो.

प्रतिसाद २
आमच्या वॉशरखाली टॉर्च मारून बघितली. तुमच्या क्रेनवाल्याला म्हणावं, माझीपण बोट आहे.