एक झेड१५, एक झेड१३: कंटेनरसाठी कुठलं लिनक्स आणि कुठली आवृत्ती?

कोकणकडा:
आमच्याकडे आयबीएमचे दोन मेनफ्रेम आहेत: रोजच्या कामाला झेड१५ आणि डीआरला (मुख्य मशीन कोलमडलं तर काम उचलायला) जुनं झेड१३. दोन्हीवर आयएफएल (फक्त लिनक्ससाठीचे प्रोसेसर) आहेत, झेड/व्हीएम या आयबीएमच्या हायपरव्हायझरखाली (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा थर) आरएचईएल ७, म्हणजे रेडहॅटच्या लिनक्सचे गेस्ट (आभासी मशीन) चालतात. आरएचईएल ७ ची नेहमीची देखभाल ३० जून २०२४ ला संपली, तेव्हापासून पुढे काय घ्यायचं यावर टीममध्ये जुंपली आहे. अर्ध्या लोकांचं म्हणणं, आता सगळं कंटेनरमध्येच (ॲप आणि त्याच्या लायब्रऱ्या एकत्र बांधलेला डबा) जाणार, मग खाली काय आहे याचा विचार कशाला, सरळ आरएचईएल ९ घ्या.

माझं मत अगदी उलट आहे. आवृत्ती मशीनवरून ठरवायची, आणि दोन मशीन असतील तर जुन्यावरून. आरएचईएल ९ ला किमान झेड१४ लागतं. झेड१३ वर ते चालणारच नाही. कंटेनर केले म्हणून यातून सुटका होत नाही, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. कंटेनर कर्नल (लिनक्सचा गाभा) होस्टचा, म्हणजे तो ज्यावर चालतो त्या लिनक्सचा, वापरतो, पण ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी) इमेजमधली, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या साच्यातली, असते. यूबीआय ९ ची इमेज (आरएचईएल ९ वरून बनवलेली रेडहॅटची पायाभूत इमेज) झेड१४ धरून बांधलेली आहे. होस्टवर आरएचईएल ८ असलं तरी झेड१३ वर ती सुरू होताना ग्लिबसी सांगते की सीपीयूत व्हीएक्सई (झेड१४ पासून आलेल्या व्हेक्टर सूचना) नाही, झेड१४ किंवा पुढचं लागेल, आणि प्रोसेस तिथेच बंद पडते. झेड१५ वर हीच इमेज महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. कळणार कधी, तर डीआरच्या दिवशी.

म्हणून दोन्हीकडे आरएचईएल ८, इमेज यूबीआय ८ च्या, कंटेनर पॉडमॅनवर (कंटेनर चालवणारं साधन). मे २०२९ पर्यंत देखभाल आहे.

रात्रपाळी:
निदान पटलं, उपाय नाही. आरएचईएल ८ चा कर्नल ४.१८ आहे. रेडहॅट त्यात नवं काही मागून आणून जोडतं हे मान्य, पण सीग्रुप (प्रोसेसना किती सीपीयू, मेमरी मिळेल ते ठरवणारी कर्नलची सोय) अजून पहिल्याच आवृत्तीवर सुरू होतात. अनेक कंटेनर एकत्र सांभाळणाऱ्या कुबरनेटीसने १.३१ मध्येच ती आवृत्ती नुसत्या देखभालीवर टाकली. बूट करताना पॅरामीटर देऊन दुसरी चालू करता येते, पण २०२९ पर्यंत प्रत्येक गेस्टवर हे सांभाळत बसायचं का?

उबुंटू २४.०४ बघा. २०.०४ पासून त्यांची किमान अट झेड१३ आहे आणि २४.०४ मध्येही तीच. म्हणजे तुमची दोन्ही मशीन बसतात. कर्नल ६.८, सीग्रुप दुसऱ्या आवृत्तीचे, डॉकर (पॉडमॅनसारखंच साधन) त्यांच्याच भांडारात. आरएचईएल ८ मधून डॉकर काढलेला आहे, तुमच्या टीमच्या कंपोझ फाइली (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते डॉकरला सांगणाऱ्या) असतील तर त्या सगळ्या पॉडमॅनवर तपासाव्या लागतील.

कोकणकडा:
तपासायची तयारी आहे. अडचण ओरॅकलची आहे. त्यांचा १९सी डेटाबेस झेडवरच्या लिनक्ससाठी रेडहॅट आणि सुसेवर प्रमाणित आहे, उबुंटूवर नाही. डेटाबेस कंटेनरमध्ये जाणार नाही, पण तो आमच्याकडे आहेच. दोन कंपन्यांची लिनक्स सांभाळायला माणसं कुठून आणू?

जुना_सिसप्रॉग:
ताई, तुम्ही लिनक्सच्या आवृत्तीवर भांडताय, त्याआधी हायपरव्हायझरकडे बघा. झेड/व्हीएम ७.३ ला किमान झेड१४ लागतं. ७.२ झेड१३ वर चालतं, पण त्याची सेवा २०२५ मध्ये संपली. म्हणजे डीआरच्या मशीनवर गेस्टमध्ये काहीही ताजं घाला, खालचा थर बिनसेवेचाच राहणार. आरएचईएल ८ घेऊन तुम्ही एका जुन्या मशीनसाठी सगळ्या घराला मागे खेचताय. पैसे मागा, झेड१३ बदला आणि मग आरएचईएल ९ घ्या, २०३२ पर्यंत बघायला नको. व्हीएम १९७२ पासून लोकांची कामं एकमेकांपासून वेगळी ठेवत आलंय, ते सोडू नका.

रात्रपाळी:
काका, झेड१३ ठेवायचंच असेल तर केव्हीएम हा रस्ता उघडा आहे. थेट एलपारमध्ये (मशीनच्या हार्डवेअरनेच पाडलेल्या भागात) लिनक्स, त्यावर केव्हीएम, म्हणजे लिनक्समधलाच हायपरव्हायझर. आणि बँकेचा डेटा असेल तर झेड१५ वर सिक्युअर एक्झिक्यूशन मिळतं: होस्टच्या ॲडमिनलाही गेस्टची मेमरी वाचता येत नाही. ते फक्त केव्हीएमवर आहे, झेड/व्हीएमवर नाही.

जुना_सिसप्रॉग:
आणि झेड१३ वर ते नाहीच. म्हणजे ज्या दिवशी डीआरवर जाल त्या दिवशी ते संरक्षण गेलं. ऑडिटरला काय सांगाल?

सरडा_हिरवा:
सुसेचं नाव फक्त ओरॅकलच्या ओघात आलं याचं वाईट वाटलं. आयबीएमने १९९९ च्या डिसेंबरमध्ये लिनक्स मेनफ्रेमवर चालवायचे पॅच खुले केले आणि २००० साली या मशीनसाठी पहिलं व्यापारी लिनक्स सुसेनेच आणलं. आजचा हिशेब करा: सुसेचं एसएलईएस १५ झेड१३ वर चालतं, ओरॅकल चालतं, पॉडमॅन आणि डॉकर दोन्ही मिळतात, एसपी६ चा (सहाव्या सर्व्हिस पॅकचा) कर्नल ६.४ आहे आणि सर्वसाधारण देखभाल जुलै २०३१ पर्यंत. पैसे रेडहॅटसारखेच आयएफएलवर, गेस्ट कितीही करा. एकच जाच आहे, नवा सर्व्हिस पॅक आला की सहा महिन्यांत त्यावर जावं लागतं.

कोकणकडा:
तो जाच आमच्यासाठी मोठा आहे. बदलाच्या मंजुरीलाच आमचे तीन-चार महिने जातात.

बिगएंडियन:
सगळ्यांना एक विनंती. लिनक्स ठरवण्याआधी तुमच्या हेल्म चार्टमधल्या (कुबरनेटीसवर ॲप बसवायच्या फाइली) प्रत्येक इमेजचं मॅनिफेस्ट (ती कुठल्या प्रोसेसरसाठी आहे ते सांगणारी यादी) उघडून एस३९०एक्स, म्हणजे आपल्या मेनफ्रेमचं नाव, आहे का ते बघा. लॉग गोळा करणारा एखादा बारकासा साइडकार (मुख्य कंटेनरच्या जोडीचा मदतनीस कंटेनर) फक्त एक्स८६ साठी असतो आणि सगळा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) तिथे अडतो. सोर्सवरून बांधलात तरी बाइटचा क्रम उलटा असल्यामुळे फाइल वाचणारा कोड चुकीचे आकडे देऊ शकतो, तेही एरर न देता. लिनक्सवनच्या (आयबीएमचे फक्त लिनक्ससाठीचे मेनफ्रेम) कम्युनिटी क्लाउडवर १२० दिवस फुकट व्हीएम मिळतं, आधी तिथे चाचणी करा.

कोकणकडा:
ही यादी उद्याच काढते. काकांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण झेड१३ बदलायचे पैसे या वर्षी मिळणार नाहीत आणि ग्राहकांचा डेटा तोवर थांबणार नाही. म्हणून आरएचईएल ८ वर ठाम आहे: झेड१३ वर एलपारमध्ये केव्हीएम, झेड१५ वर झेड/व्हीएम, सीग्रुपचा पॅरामीटर पहिल्या दिवसापासून गेस्टच्या साच्यातच. यूबीआय ९ ची इमेज रजिस्ट्रीत (आमच्या इमेजच्या साठ्यात) घ्यायचीच नाही, असा नियम इमेज बांधणाऱ्या पाइपलाइनमध्ये घालणार.

जुना_सिसप्रॉग:
दोन मशीनवर दोन हायपरव्हायझर? मग डीआरची तालीम तिमाहीला तरी करा, आणि ती खऱ्या झेड१३ वर.